औषध टाकायची वेळ

प्रवरेकाठी पाण्यात औषध टाकायची वेळ दिवस मावळतानाची. शेवटची कळशी भरून बाया घराकडे वळल्या, पोहऱ्याचा दोर गुंडाळून कठड्यावर ठेवला, की पंचायतीचा माणूस बादली आणि पावडरची पिशवी घेऊन विहिरीवर यायचा. कोल्हारला मी हे लहानपणी पाहिलं. पुढे आरोग्य खात्यात लागलो, तेव्हा ते पाहणं, तपासणं आणि वहीत लिहिणं हा माझ्याच नोकरीचा भाग झाला. सकाळी टाकलेलं औषध दुपारपर्यंत राहत नाही, हे प्रशिक्षणात कुणी शिकवण्याआधी मी त्या माणसाच्या तोंडून ऐकलं होतं. तो म्हणायचा, "दिवसा टाकून काय उपेग? ऊन खातं त्याला."

प्रवरेचा इतिहास म्हटला की धरण, कालवे, ऊस आणि कारखाना डोळ्यांपुढे येतो. ते योग्यच आहे. पण त्याच पाण्यातलं जे थोडंसं पाणी माणसाच्या पोटात जातं, ते पिण्याजोगं कसं राहिलं आणि कुणी राखलं, याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. मला त्याबद्दल लिहायचं आहे. आपल्या उन्हात पाण्यातला क्लोरीन एकदा टाकून भागत नाही, तो रोज राखावा लागतो. आणि ही राखण करणारी माणसं गावच्या इतिहासात कुठेच दिसत नाहीत.

ज्यांनी गाव पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोल्हार बुद्रुक प्रवरेच्या उत्तर काठावर, नगर-मनमाड रस्त्यावर. पूल ओलांडला की पलीकडे कोल्हार खुर्द, तो राहुरी तालुका. अलीकडचा आमचा राहाता. भगवतीमातेचं देऊळ, त्यामुळे नवरात्रात माणसांची रीघ. शिवाय हमरस्ता; नगरहून शिर्डीला किंवा मनमाडकडे जाणारा जवळजवळ प्रत्येक जण इथून जातो. ज्या गावात परक्या माणसांचा एवढा राबता असतो, तिथे पाण्याची काळजी दुप्पट घ्यावी लागते. परका माणूस आपल्यासोबत काय घेऊन येईल ते सांगता येत नाही.

जुन्या काळी पाण्याची ठिकाणं तीन. नदी आटली की वाळूत खणलेला झिरा, वाड्यांच्या आत अरुंद आड आणि वस्तीच्या कडेला विहीर किंवा पायऱ्यांची बारव. झिऱ्याचं पाणी नितळ आणि गोड, म्हणून त्यावर सगळ्यांचा जीव. पण त्याच वाळवंटात वरच्या अंगाला गुरं बसत, कपडे धुतले जात आणि पहाटे माणसंही जात. वाळू गाळ अडवते, जंतू सगळे अडवत नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी पहिला लोंढा आला की हगवण आणि ओकाऱ्या सुरू व्हायच्या. ज्या वर्षी पटकी यायची त्या वर्षी घरंच्या घरं रिकामी व्हायची. पंढरीची वारी आटोपून परतणाऱ्या माणसांबरोबर पटकी गावोगाव पसरते, असं एकोणिसाव्या शतकातल्या सरकारी अहवालांत पुन्हापुन्हा येतं. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना त्यासाठी अहवालाची गरज नव्हती. आषाढ सरला की ती घाबरून असत.

पटकीवर गावाचा उपाय मरीआईचा. तिचं ठाणं वेशीबाहेर. साथ आली की लाकडी गाडा करायचा, त्यात देवीचा मुखवटा ठेवायचा, हळदकुंकू, लिंब, नारळ, नैवेद्य. मग वाजतगाजत तो गाडा आपल्या शिवेपर्यंत ओढून न्यायचा आणि पुढच्या गावाच्या हद्दीत सोडायचा. पुढच्या गावाने तो आणखी पुढे न्यायचा. माझ्या बरोबरीचे शिकलेले लोक याला अंधश्रद्धा म्हणून मोकळे होत. मला ते पटत नाही. रोग एका गावातून दुसऱ्या गावात जातो, रस्त्याने जातो, तो हद्दीबाहेर घालवला पाहिजे, हे त्या लोकांनी अचूक हेरलं होतं. तो पाण्यातून जातो, एवढा शेवटचा दुवा त्यांच्या हाती नव्हता. तो दुवा तसा जगाच्याही हाती फार उशिरा आला. लंडनमध्ये जॉन स्नो याने १८५४ साली एका सार्वजनिक पंपाकडे बोट दाखवलं. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉखने कलकत्त्यात येऊन इथल्या रुग्णांत आणि तळ्याच्या पाण्यात दाखवला तो १८८४ साली.

त्यानंतर विहिरीत औषध टाकायला सुरुवात झाली. पहिलं औषध क्लोरीन नव्हतं. आग्र्याला सरकारी रासायनिक परीक्षक असलेल्या अर्नेस्ट हॅनबरी हँकिन यांनी १८९० च्या दशकात पटकीच्या गावांत विहिरींमध्ये पोटॅशियम परमँगनेट टाकायची पद्धत रूढ केली. ती पुढे कितीतरी वर्षं हिंदुस्थानभर चालली. जांभळे-काळे खडे बादलीत विरघळवायचे आणि ते पाणी विहिरीत ओतायचं. विहीर गुलाबी होते. सकाळपर्यंत रंग टिकला तर औषध पुरलं. रंग उडाला तर विहिरीत घाण जास्त, आणखी टाका. आमच्या घरातल्या थोरल्या बाया याला लाल औषध म्हणत. ते टाकलं की दोन दिवस त्या पाण्याला हात लावत नसत आणि झिऱ्याचं पाणी आणत, म्हणजे ज्या पाण्यापासून वाचवायचं तेच पाणी घरात येई. रंग आणि चव यांमुळे लोक टाळतात, आणि जंतू मारण्याचा भरवसाही कमी, म्हणून हे औषध मागे पडत गेलं.

क्लोरीनची गोष्ट याहून जुनी. स्वीडनमध्ये कार्ल शेले याने हा वायू १७७४ साली वेगळा केला. अकरा वर्षांनी फ्रान्समध्ये बर्तोले याने क्लोरीन विरघळवलेलं पाणी उन्हात ठेवलं, तेव्हा त्यातून प्राणवायूचे बुडबुडे निघाले आणि पाण्यातला क्लोरीन गेला. त्यावरून त्याने क्लोरीनविषयी काढलेला निष्कर्ष पुढे चुकीचा ठरला, पण जे दिसलं ते खरं होतं. पिण्याच्या पाण्यात क्लोरीन टाकायचं कुणाच्या मनातही नव्हतं, तेव्हापासून ऊन त्याला खातं हे माहीत झालेलं होतं. मला ही हकिगत फार उशिरा वाचायला मिळाली. वाचताना आमच्या पंचायतीच्या माणसाचीच आठवण झाली.

क्लोरीन वायू पोत्यातून नेता येत नाही. ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने १७९९ साली विरी गेलेल्या चुन्यात तो मुरवून पांढरी भुकटी केली आणि त्याचं पेटंट घेतलं. ती कापड पांढरं करायला. औषध म्हणून तिचं मोल १८४७ साली व्हिएन्नात दिसलं, जिथे सेमेलवाइस या डॉक्टरने बाळंतिणींच्या वॉर्डात जाण्याआधी सगळ्यांना याच चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने खाली आले. पिण्याच्या पाण्यासाठी द्रवरूप क्लोरीन वापरावा, ही सूचना १९०३ साली आली ती हिंदुस्थानातल्या वैद्यकीय सेवेतल्या व्हिन्सेंट नेसफील्ड या अधिकाऱ्याकडून. इंग्लंडमधल्या लिंकन शहरात टायफॉइडची साथ आली तेव्हा १९०५ साली, आणि अमेरिकेतल्या जर्सी सिटीत १९०८ साली, शहराच्या पाण्यात क्लोरीन सतत सोडायला सुरुवात झाली.

तीच टेनंटची भुकटी आमच्या गावी टीसीएल म्हणून आली. पूर्ण नाव ट्रॉपिकल क्लोराइड ऑफ लाइम. उष्ण मुलखात भुकटी लवकर नासते, म्हणून तिच्यात कळीचा चुना जास्त घालून ती टिकाऊ केलेली असते. तरीही ती नासते. ताज्या ब्लीचिंग पावडरमध्ये ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. हवा लागली, ओल लागली, उष्णता लागली की तो रोज थोडाथोडा उडून जातो आणि शेवटी पोत्यात नुसता चुना उरतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच पांढरे.

पाण्याच्या जागाच बदलत होत्या, तेही सांगायला हवं. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं. ओझरच्या बंधाऱ्यापासून निघालेल्या डाव्या-उजव्या कालव्यांनी दोन्ही काठ भिजवले. उसाला पाणी मिळालं आणि १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीजवळ सहकारी साखर कारखाना उभा राहिला. माणसांची भरभराट झाली, ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. पण पाटाखालच्या काळ्या जमिनीत पाणी मुरत राहिलं, निचरा झाला नाही, आणि ठिकठिकाणी जमिनी चोपण झाल्या. विहिरींचं पाणी चढलं, पण ते मचूळ झालं, कुठे सरळ खारट. डाळ शिजेना, साबणाला फेस येईना. तेव्हा गावांनी पिण्यासाठी पाटाच्या पाण्याकडे तोंड वळवलं. आवर्तन सुटलं की उघडं तळं भरून घ्यायचं आणि पुढचं आवर्तन येईपर्यंत ते पुरवायचं, अशा साठवण तलावांच्या योजना या पट्ट्यात जागोजागी झाल्या.

आडाचं तोंड हातभर, त्यात दुपारचं ऊन घडीभर उतरतं. विहिरीत जास्त. साठवण तलाव सगळाच्या सगळा आभाळाखाली. एप्रिल-मे महिन्यात त्यावर शेवाळ धरतं, पाणी हिरवं होतं, आणि हे शेवाळ, पालापाचोळा, गाळ, सगळे क्लोरीनचे वाटेकरी. आम्ही याला क्लोरीनची मागणी म्हणतो. आधी ही मागणी भागली पाहिजे, मग जे उरेल ते जंतूंना मारायला. म्हणून उघड्या तळ्यात क्लोरीन टाकून उपयोग नसतो. पाणी गाळून, टाकीत घेऊन, झाकून मग तो द्यायचा. पाणी उन्हातून सावलीत आणलं, हा माझ्या मते या सगळ्या काळातला सगळ्यात मोठा बदल, आणि लोकांच्या तो लक्षातही येत नाही, कारण टाकीच्या आत कुणी डोकावत नाही.

विहिरीत औषध टाकायची रीत मी एकदा नीट लिहून ठेवतो. ती आता करणारे फार राहिले नाहीत.

आधी विहिरीचं पाणी मोजायचं. दोरीला दगड बांधून खोली, काठावरून काठापर्यंत रुंदी. चार मीटर व्यासाच्या विहिरीत पाच मीटर पाणी असेल, तर ते साधारण ६२,८०० लिटर. चांगल्या पावडरचं नेहमीचं माप हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे १५७ ग्रॅम. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त घ्यायची नाही, म्हणून दोन बादल्या. बादलीत आधी थोडंसं पाणी घालून पावडर काठीने कालवायची, गुठळी राहू द्यायची नाही. मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी ओतत ढवळायचं. नाकातोंडाला फडकं बांधलेलं बरं, वास डोळ्यांत जातो. आता दहा मिनिटं बादलीला हात लावायचा नाही. चुना खाली बसतो, वर पिवळसर निवळी राहते. ती निवळी दुसऱ्या बादलीत अलगद ओतून घ्यायची आणि खालचा चुना विहिरीपासून लांब फेकायचा. विहिरीत चुना गेला तर पाणी आणखी जड होतं, आणि आमचं पाणी मुळातच जड. निवळीची बादली दोराने पाण्याच्या आत बुडवायची आणि खालीवर, डावीउजवीकडे जोरजोरात हलवायची, म्हणजे औषध तळापर्यंत जातं. वरून नुसतं ओतलं तर ते वरच राहतं. त्यानंतर निदान तासभर कुणी पाणी शेंदायचं नाही. म्हणून रात्र. रात्री ऊन नाही आणि पोहराही नाही. पहाटे पहिली बाई पाण्याला येईपर्यंत औषधाचं काम झालेलं असतं.

या सगळ्यात वेळ जातो. घाईतला माणूस वरून मूठभर पावडर भिरकावून निघून जायचा. अशी विहीर सकाळी तपासली की लगेच कळायचं. तपासायला ओटीची बाटली, म्हणजे ऑर्थोटोलिडिन. काचेच्या नळीत पाणी घेऊन चार-पाच थेंब टाकायचे. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं आणि शेजारच्या रंगांच्या पट्टीशी ताडून किती आहे ते कळतं. रंग लगेच बघायचा. नळी धरून गप्पा मारत बसलं तर जो क्लोरीन घाणीशी बांधला गेला आहे तोही रंग देतो आणि आकडा फसवा येतो. विहिरीवर किंवा टाकीवर तासाभराच्या संपर्कानंतर अर्धा पीपीएम (दहा लाख भागांत अर्धा भाग), आणि गावाच्या शेवटच्या नळाला निदान ०.२ पीपीएम, हे आमचं लक्ष्य. मी नेहमी शेवटच्या नळापासून सुरुवात करायचो. तिथे पिवळं आलं तर बाकीच्या गावाची काळजी नाही.

रोज संध्याकाळी माणूस जाणारच नाही, अशा वाड्यावस्त्यांच्या विहिरींसाठी नागपूरच्या नीरी संस्थेने दोन मडक्यांची युक्ती काढली होती. नीरी म्हणजे पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था, १९५८ सालापासूनची. एका मडक्यात दुसरं मडकं. आतल्यात एक किलो पावडर आणि दोन किलो जाड वाळू ओलसर करून भरायची. दोन्ही मडक्यांना एकेक सेंटिमीटरचं भोक, एकाचं वर तर दुसऱ्याचं खाली. तोंड बांधून ते पाण्याखाली मीटरभर सोडायचं. दोन-तीन आठवडे त्यातून क्लोरीन थोडाथोडा पाझरत राहतो. उन्हाने रोज जेवढा खाल्ला, तेवढा मडकं रोज परत देतं. माझ्या मते आपल्या हवामानाला इतकं समजून केलेलं दुसरं साधन खेड्यात आलं नाही. कुंभार गावातच होता, वाळू नदीत होती.

क्लोरीनला सगळंच जमतं असंही नाही. नारूचं उदाहरण. बारवेच्या पायऱ्यांवर माणूस पाण्यात पाय बुडवून घागर भरतो. त्याच्या पायाला नारूचा फोड असेल तर तो फुटून अळ्या पाण्यात जातात, त्या सायक्लॉप्स नावाचा बारीक जलजीव गिळतो आणि तो जलजीव आपण पितो. नेहमीच्या मात्रेत क्लोरीन या सायक्लॉप्सला मारत नाही. त्यासाठी टेमेफॉस हे वेगळं औषध, पाणी फडक्याने गाळून घेणं, आणि बारवेच्या पायऱ्या बंद करून कठडा बांधणं, एवढं करावं लागलं. जुन्या देखण्या बारवा बुजवल्या किंवा बांधून काढल्या म्हणून आज हळहळ होते. मलाही होते. पण पायातून हातभर लांब पांढरा दोरा काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढून काढणारी माणसं ज्याने पाहिली आहेत, त्याला त्या पायऱ्या बंद का केल्या ते समजावून सांगावं लागत नाही. देशातला नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला.

पुढे नळयोजना आल्या, प्रत्येक ग्रामपंचायतीत जलसुरक्षक नेमले गेले. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, पाण्याच्या स्रोतांची पाहणी होऊन गावाला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळू लागलं. सलग पाच वर्षं हिरवं मिळालं तर चंदेरी. सरपंच हे कार्ड मिरवतात, मिरवावंच. पण त्या कार्डामागे टीसीएलचं पोतं कुठे ठेवलं आहे यावर सगळं असतं. एका गावी भर मे महिन्यात मी गेलो, तर पोतं पत्र्याच्या शेडमध्ये, तोंड उघडं, वर मोटारीचं गंजकं सामान. नियमाने माप टाकलं जात होतं, वही रोज भरलेली, आणि शेवटच्या नळाला रंगच येत नव्हता. टाकणारा मुलगा रडकुंडीला आला होता, कारण त्याने काम चोख केलं होतं. नमुना प्रयोगशाळेत पाठवला. २० टक्क्यांपेक्षा कमी क्लोरीन असलेली पावडर निकामी धरतात. ती त्याच्याही खूप खाली होती. त्या मुलाला एक झाकणाचा प्लास्टिकचा पिंप आणि शाळेतली एक थंड अंधारी खोली मिळाली, त्यानंतर त्या गावाचा प्रश्न मिटला.

आता अलीकडची गोष्ट. माझ्या भाच्याने हमरस्त्याला लागून असलेल्या शेतात छोटं हॉटेल काढलं आणि मागे पोहण्याचा तलाव बांधला. शिर्डीची माणसं उतरतात, लेकरं पाण्यात खेळतात. तलाव मीठपाण्याचा. हजार लिटरला तीन-चार किलो मीठ घालायचं. समुद्राच्या मानाने ते दशांशच, जिभेला जेमतेम कळतं. पंपाच्या वाटेवर एक यंत्र बसवलेलं असतं, त्यात धातूच्या पट्ट्या. त्यांतून वीज गेली की मिठातला क्लोरीन मोकळा होतो. तो काम करून किंवा उन्हात मोडून पुन्हा मिठातच जमा होतो, म्हणून मीठ संपत नाही. ही कल्पनाही जुनी. पहिल्या महायुद्धात १९१५ साली अ‍ॅक्विटेनिया या इस्पितळ-जहाजावर हेन्री डेकिन याने समुद्राच्या पाण्यातून वीज सोडून जखमा धुण्याचं औषध जहाजावरच तयार केलं होतं. टायटॅनियमच्या न झिजणाऱ्या पट्ट्या १९६५ च्या सुमारास आल्या, आणि नंतर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या घराघरांतल्या तलावांवर ही यंत्रं बसली. तिथलंही ऊन कडकच.

उन्हाळ्यात भाच्याचा फोन आला. "मामा, मशीन सकाळी सातपासून चालूय, मीठ बराबरय, तरी दुपारी तीनला पट्टी पांढरीच येती. कंपनीवाला म्हणतो मोठं मशीन घ्या."

मी जाऊन दिवसभर तलावाशेजारी बसलो. तलाव दक्षिणेला पूर्ण उघडा, तळ पांढऱ्या टाइलचा, पाणी कमरेएवढं. सकाळी सातला क्लोरीन चांगला. दहापासून तो उतरू लागला. यंत्र करत होतं, ऊन नेत होतं. बर्तोलेच्या भांड्यातला प्राणवायू त्या तलावातूनही निघत होता, फक्त दिसत नव्हता. पाण्याचा सामू ८ च्या वर. मीठपाण्याच्या तलावात तो आपोआप चढतोच, आणि चढला की क्लोरीन अशा रूपात जातो की जंतू मारायला आळशी आणि उन्हाला मात्र जास्त बळी. यंत्र उघडलं तर पट्ट्यांवर पांढरा थर, बोअरच्या जड पाण्याचा. आमच्या घरातल्या पातेल्यांच्या बुडाला बसतो तोच.

मी त्याला मोठं यंत्र घेऊ दिलं नाही. पट्ट्या पातळ आम्लात बुडवून साफ केल्या. सामू ७.४ च्या आसपास आणला आणि तिथे राखायला सांगितला. पाण्यात सायन्युरिक आम्ल घातलं, ५० पीपीएमच्या बेताने. हे आम्ल क्लोरीनला सैलसर धरून ठेवतं, त्यामुळे उन्हात तो कितीतरी जास्त टिकतो. उघड्या तलावांसाठी याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही. पण ते उडून जात नाही, साठत जातं, आणि फार साठलं तर क्लोरीन इतका धरला जातो की पट्टीवर रंग दिसतो नि जंतू मात्र मरत नाहीत. मग पाणीच बदलावं लागतं. पिण्याच्या पाण्यासाठी मी याचं नाव काढणार नाही. तिथे सावलीची टाकी हाच मार्ग. डाळिंबाच्या रोपवाटिकेतलं हिरवं शेडनेट घरात पडून होतं, ते उथळ बाजूवर ताणलं.

आणि यंत्राची वेळ बदलली. मुख्य पाळी संध्याकाळी सहापासून पहाटेपर्यंत. दिवसभर पोरं खेळून गेल्यावर घाम, तेल, लघवी जे काही पाण्यात उरतं ते रात्रीत निकाली निघतं आणि सकाळी भरलेला साठा हाती असतो. दुपारी फक्त दोन तास, पाण्यात माणसं असताना क्लोरीन शून्यावर जाऊ नये म्हणून. भाच्याचा तलाव बघणारा मुलगा शेजारच्या वस्तीवरचा, दहावी झालेला. त्याला मी वही आखून दिली: सकाळी सात, दुपारी तीन, सायंकाळी सहा, क्लोरीन, सामू, ऊन की ढग, किती माणसं. तो ती नेमाने भरतो. मेच्या मधल्या आठवड्यातही तीनच्या रकान्यात आता पीपीएमचा आकडा असतो.

ती वही पाहताना मला ओटीच्या वह्या आठवल्या. लांबट, पुठ्ठ्याच्या, ग्रामपंचायतीचा शिक्का असलेल्या. तारीख, विहीर किंवा नळाचं ठिकाण, होय किंवा नाही, सही. काही ठिकाणी अंगठा. कुठल्या साली कुठल्या वस्तीवर पाणी बिघडलं, कुठल्या उन्हाळ्यात पावडर नासली, यात्रेच्या दिवसांत किती वेळा तपासलं, कुणी टाकलं, हे सगळं त्यांत आहे आणि दुसरं कुठेही नाही. ग्रामपंचायतींच्या नव्या इमारती झाल्या, जुनी कपाटं रिकामी झाली, तेव्हा असे गठ्ठे रद्दीत जाताना मी पाहिले आहेत. प्रवरेच्या दोन्ही काठांवरच्या ज्या गावात अजून अशी वही शिल्लक असेल, तिथल्या ग्रामसेवकाने ती ओल न लागेल अशी ठेवावी आणि गावच्या वाचनालयाला एक छायाप्रत द्यावी. कोल्हारची, शेजारच्या भगवतीपूरची, पलीकडच्या खुर्दची, जी सापडेल ती बसून वाचायची आणि टाकणाऱ्यांची नावं उतरवून घ्यायची माझी तयारी आहे.